मीटरपासून पॅनेलपर्यंतची ती २६ फूट वायर

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी काही गफलत होत असेल तर लगेच सांगता येईल. अमेरिकेतलं १९७८ सालचं घर, खाली तळघर. मीटर गॅरेजच्या बाहेरच्या भिंतीवर. १०० अँपिअरचं जुनं पॅनेल, म्हणजे ब्रेकरचा डबा, तळघरात, पण अगदी दुसऱ्या टोकाला. मीटरकडून येणारी जाड केबल तळघराच्या छताच्या लाकडी जॉइस्टमधून (तुळयांमधून) साधारण २६ फूट जाऊन त्या पॅनेलच्या मेन ब्रेकरला मिळते. आता गाडीचा चार्जर आणि हीट पंप घ्यायचा आहे म्हणून २०० अँपिअरची सर्व्हिस (वीज कंपनीकडून घरात येणारी मुख्य जोडणी) हवी. तीन कॉन्ट्रॅक्टर येऊन गेले आणि तिघांची तीन मतं. पहिला म्हणतो जुनं काढू, त्याच जागी नवं लावू. दुसरा म्हणतो बाहेर डिस्कनेक्ट (घराची सगळी वीज तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय इन्स्पेक्शन पास होणार नाही. तिसरा म्हणतो मेन ब्रेकर मीटरपासून ६ फुटांच्या आत हवा, कोडमध्ये, म्हणजे विजेच्या कामाच्या नियमावलीत, तसं लिहिलंय. आणि तळघर नव्याने सजवताच आहात, तर पॅनेल कपड्यांच्या कपाटात लपवता येईल का, हा शेवटचा प्रश्न.

आधी उत्तर देतो, मग कारणं. दुसऱ्याचं बहुतेक बरोबर आहे. तिसऱ्याची काळजी योग्य आहे, पण त्याने सांगितलेला आकडा राष्ट्रीय कोडमध्ये नाही. पहिल्याने सुचवलेलं काम तसंच्या तसं मी स्वतः करणार नाही. आणि कपाटाला सरळ नाही.

'बहुतेक' म्हणायचं कारण, तुम्ही राज्य लिहिलेलं नाही. नॅशनल इलेक्ट्रिकल कोड म्हणजे एनईसी हा एनएफपीए या अमेरिकी अग्निसुरक्षा संस्थेचा दस्तऐवज. दर ३ वर्षांनी त्याची नवी आवृत्ती निघते: २०१७, २०२०, २०२३ अशी. पण तो आपोआप कायदा होत नाही. राज्याने किंवा शहराने स्वीकारला की होतो, आणि स्वीकारताना ते त्यातली कलमं गाळतात, बदलतात, स्वतःची घालतात. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन गावांत एकाच कामाला दोन वेगळी उत्तरं मिळू शकतात, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. शेवटचा शब्द तुमच्या बिल्डिंग डिपार्टमेंटचा. मी खाली जे सांगतो ते राष्ट्रीय कोडच्या मजकुराप्रमाणे आणि गेली २२ वर्षं जुन्या घरांच्या सर्व्हिस बदलताना जे पाहिलं त्यावरून.

आता मूळ मुद्दा. तुम्ही सगळेच फूट मोजताय, पण प्रश्न फुटांचा नाहीच. प्रश्न असा आहे की ज्या वायरला घरातलं कुणीही बंद करू शकत नाही, ती वायर कुठे संपते?

मेन ब्रेकरच्या पुढच्या प्रत्येक वायरवर कुणीतरी पहारेकरी आहे. स्वयंपाकघरातल्या वायरवर २० अँपिअरचा ब्रेकर, ड्रायरच्या वायरवर ३० चा, आणि सगळ्यांच्या वर मेन. पण मेनच्या अलीकडची, म्हणजे मीटर ते मेन ही वायर बिनपहाऱ्याची असते. तिच्यावर घरातला एकही ब्रेकर नाही. मीटर फक्त मोजतो, तोडत नाही. वीज कंपनीचा फ्यूज असतो तो ट्रान्सफॉर्मरच्या आधी, जास्त व्होल्टच्या बाजूला, आणि तो कंपनीच्या लाइनची आणि ट्रान्सफॉर्मरची काळजी घेतो, तुमच्या केबलची नाही. साधा हिशेब करून बघा. वरची लाइन ७,२०० व्होल्टची आणि घरात २४० व्होल्ट, म्हणजे प्रमाण ३० ला १. तुमच्या भिंतीत केबल खराब होऊन ३०० अँपिअरची ठिणगी पेटली असेल तर खांबावरच्या त्या फ्यूजला फक्त १० अँपिअर वाढलेले दिसतात. ट्रान्सफॉर्मरवरून तीन-चार घरं चालत असतील तर एवढी वाढ त्याच्या खिजगणतीतही नसते. तो उडेल तेव्हा उडेल. तोपर्यंत लाकूड जळत राहतं.

हे मी पुस्तकातून शिकलो होतो, पण पटलं एका घरात. तळघराच्या भिंतीवर टीव्हीचा स्टँड बसवताना मालकाचा लांब स्क्रू नेमका या केबलमध्ये घुसला. तडतड आवाज आणि धूर सुरू झाला. गृहस्थ शहाणे, धावत पॅनेलकडे गेले आणि मेन पाडला. सगळं घर अंधारात गेलं, पण भिंतीतली तडतड चालूच. त्यांनी जे बंद केलं ते त्या केबलच्या पुढचं होतं, जळत होती ती मागची. शेवटी अग्निशमन दल आलं, मीटर उपसून काढला तेव्हा शांत झालं. मी दुसऱ्या दिवशी ड्रायवॉल (भिंतीचा बोर्ड) फोडला तर दोन स्टडच्या, म्हणजे भिंतीतल्या उभ्या खांबांच्या, मधलं लाकूड हातभर काळं पडलं होतं. मेन बंद करूनही घर बंद होत नाही, हे त्या माणसाला मी समजावून सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

आता कोडचं कलम २३०.७० वाचा, म्हणजे त्याचा हेतू कळेल. ते म्हणतं: सर्व्हिस डिस्कनेक्ट सहज पोहोचता येईल अशा जागी हवा, घराच्या बाहेर, किंवा आत असेल तर सर्व्हिसची वायर जिथून घरात शिरते त्या बिंदूच्या सर्वांत जवळ. एवढंच. ६ फूट नाही, १० फूट नाही, आकडाच नाही. 'सर्वांत जवळ' म्हणजे काय हे ठरवायचं काम इन्स्पेक्टरवर सोडलेलं आहे. हा सैलपणा त्रासदायक ठरतो म्हणून अनेक गावांनी आणि वीज कंपन्यांनी आपापले आकडे लिहून ठेवलेत. तुमच्या तिसऱ्या कॉन्ट्रॅक्टरला असाच एखादा स्थानिक नियम माहीत असणार आणि वर्षानुवर्षं त्यानुसार काम करून तो त्याला राष्ट्रीय कोड वाटू लागला असणार. आमच्या धंद्यात हे फार होतं. पण कुठल्याही आकड्याने मोजलं तरी तळघराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे २६ फूट 'सर्वांत जवळ' या शब्दांत बसत नाहीत. भिंतीच्या बाहेर मीटर आणि त्याच भिंतीच्या आत पाठीला पाठ लावून पॅनेल, ही त्या शब्दांची साधी व्याख्या.

मग १९७८ मध्ये कसं चाललं? कदाचित तेव्हाच्या इन्स्पेक्टरने चालवून घेतलं. कदाचित तळघराची रचना किंवा मीटरची जागा मागाहून बदलली. जे आहे ते आहे तसं राहू द्यायला कोड सहसा आड येत नाही. पण तुम्ही सर्व्हिसच बदलताय. नवं काम हे नव्या नियमाने तपासलं जातं. म्हणून पहिल्याची 'तिथेच लावू' ही योजना मला पटत नाही. एक अपवाद माहितीसाठी: वायर किमान २ इंच काँक्रीटच्या आत किंवा इमारतीखाली तेवढ्याच काँक्रीटच्या खाली असेल तर कोड तिला 'घराबाहेरचीच' मानतो, म्हणजे प्रवेशबिंदू तेवढा पुढे सरकतो. नवं घर बांधताना हे फार उपयोगी पडतं. जॉइस्टमधून जाणाऱ्या तुमच्या केबलला त्याचा काही फायदा नाही.

आता दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं. कलम २३०.८५ हे २०२० च्या आवृत्तीत नव्याने आलं. एक किंवा दोन कुटुंबांच्या घराला बाहेर, सहज हात पोहोचेल असा इमर्जन्सी डिस्कनेक्ट हवा. मागणी मुख्यतः अग्निशमन दलाच्या लोकांची. आग लागलेल्या घरात शिरून तळघरात मेन ब्रेकर शोधायचा की बाहेर उभं राहून चालू भाराचा मीटर उपसायचा, दोन्ही जिवावरचे खेळ. मीटर उपसताना तोंडासमोर उडालेली ठिणगी ज्याने पाहिली आहे तो या कलमाविरुद्ध बोलत नाही. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत मेन ब्रेकर बाहेरच्या भिंतीवर मीटरसोबत असण्याची पद्धत जुनीच आहे. थंडीच्या राज्यांत मात्र सगळं तळघरात.

२०२३ च्या आवृत्तीने अधिक स्पष्ट केलं की सर्व्हिसची उपकरणं बदलली तर हे कलम लागू. फक्त मीटरचा सॉकेट (मीटर बसतो तो डबा) किंवा फक्त केबल बदलली तर सूट आहे. तुम्ही पॅनेल बदलताय, म्हणजे सूट नाही. तुमच्या राज्याने २०१७ ची आवृत्ती ठेवली असेल किंवा हे कलम गाळलं असेल तर कायद्याने बंधन नाही. तरीही मी तुमच्या घरात बाहेरच लावेन. का ते आता येतं.

बाहेर जो डिस्कनेक्ट लावाल त्यावर कोणतं लेबल लागतं यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, आणि हे बहुतेक कॉन्ट्रॅक्टर घरमालकाला समजावत नाहीत. कोड तीन प्रकार मानतो. एकावर लिहायचं 'इमर्जन्सी डिस्कनेक्ट, सर्व्हिस डिस्कनेक्ट'. दुसरा मीटरला लागून असलेला साधा मीटर डिस्कनेक्ट, आणि तिसरा इतर कुठलाही योग्य स्विच किंवा ब्रेकर. या दोघांवर 'नॉट सर्व्हिस इक्विपमेंट' असं लिहायचं. लोकांना दुसरा-तिसरा प्रकार आवडतो, कारण त्यात कायद्याने मेन हा आतलाच राहतो, आतली वायरिंग आणि ग्राउंडिंग, म्हणजे आपल्याकडे ज्याला अर्थिंग म्हणतात ते, हलवावं लागत नाही. काम झटपट होतं.

पण तुमच्या घरात त्याने मूळ दुखणं जात नाही. लेबलवर 'सर्व्हिस इक्विपमेंट नाही' असं असलं की त्याच्या पुढची केबल कोडच्या भाषेत सर्व्हिसचीच केबल राहते, आणि तुमचे २६ फूट पुन्हा इन्स्पेक्टरच्या डोळ्यासमोर उभे. याउलट बाहेर २०० अँपिअरचा ब्रेकर लावून त्यालाच सर्व्हिस डिस्कनेक्ट केलं, की सर्व्हिस तिथेच संपली. पुढची केबल झाली फीडर, म्हणजे मेनच्या पुढे पॅनेलला वीज पोहोचवणारी केबल. तिच्यावर आता पहारेकरी आहे. ती २६ फूट जावो की ६०, 'सर्वांत जवळ'चा नियम तिला लागत नाही. पॅनेल तुम्हाला हवं तर त्याच दुसऱ्या टोकाला ठेवा. म्हणजे पहिल्या कॉन्ट्रॅक्टरची जागा, दुसऱ्याचा डिस्कनेक्ट आणि तिसऱ्याची काळजी, तिन्ही एकाच कामात मिटतात. मीटर आणि मेन एकाच डब्यात असलेली जोड उपकरणं मिळतात, मी बहुतेक तीच वापरतो.

याची किंमत न्यूट्रलमध्ये, म्हणजे करंटच्या परतीच्या वायरमध्ये, मोजावी लागते. इथे जरा सावकाश वाचा. न्यूट्रल आणि ग्राउंड एकमेकांना एकाच ठिकाणी जोडायचे असतात: सर्व्हिस डिस्कनेक्टमध्ये. आजवर ती जोड तुमच्या तळघरातल्या पॅनेलमध्ये होती. मेन बाहेर गेला की जोडही बाहेर जाते, ग्राउंड रॉडची आणि पाण्याच्या पाइपची वायरही तिकडे. तळघरातलं पॅनेल आता सबपॅनेल, म्हणजे दुय्यम पॅनेल. तिथे न्यूट्रलची पट्टी वेगळी, ग्राउंडची वेगळी, आणि दोघींना जोडणारा हिरवा स्क्रू किंवा पत्र्याची पट्टी काढून टाकायची. मीटरकडून आत येणारी केबल आता चार वायरची हवी: दोन फेज, एक इन्सुलेशन असलेला न्यूट्रल आणि एक ग्राउंड. जुनी तीन वायरची केबल, जिच्यात उघडी वायरच न्यूट्रलचं काम करते, ती फीडर म्हणून चालत नाही. तशीही ती १०० अँपिअरची आहे, २०० ला घरासाठी ४/० मापाचं अ‍ॅल्युमिनियम किंवा २/० तांबं लागतं, तेव्हा बदलावी लागणारच होती.

हा हिरवा स्क्रू काढायला विसरणं ही मला सर्वांत जास्त वेळा सापडलेली चूक आहे. विसरला तर काही उडत नाही, दिवे नीट लागतात, म्हणून कळतही नाही. पण न्यूट्रलचा परतीचा करंट मग वाटून घेतला जातो: थोडा न्यूट्रलमधून, थोडा ग्राउंडच्या वायरमधून, थोडा धातूच्या पाइपांमधून. एका घरात मी क्लॅम्प मीटर (भोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) पाण्याच्या पाइपला लावला तर तिथून काही अँपिअर आरामात वाहत होते. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी बाहेर डिस्कनेक्ट लावून गेला होता, आत हात लावला नव्हता.

आणखी एक गोष्ट, तुमचं घर १९७८ चं म्हणून. त्या काळात ओव्हन आणि ड्रायरला तीन वायरची जोडणी सर्रास असे. त्यातल्या काहींत न्यूट्रल उघडा असतो. अशी जुनी जोडणी तशीच ठेवायला कोड परवानगी देतो, पण उघड्या न्यूट्रलच्या बाबतीत जुनी अट अशी की सर्किट थेट सर्व्हिसच्या पॅनेलमधून निघायला हवं. तुमचं पॅनेल सबपॅनेल झालं की ती अट मोडते. २०२३ च्या आवृत्तीत यातून वाट काढलेली आहे, जुन्या आवृत्तीत नाही. दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरला विचारा की ओव्हन आणि ड्रायरच्या केबलचं काय करणार. त्याने क्षणाचा विचार न करता उत्तर दिलं तर त्याला काम द्या. 'त्याचा काय संबंध' म्हणाला तर आणखी एक कोटेशन मागवा.

बाहेरची जागा ठरवताना फार डोकं लागत नाही. सहज पोहोचता यायला हवं म्हणजे शिडी नको, अवजार नको, कशावर चढायला किंवा काही हलवायला नको, कुलूप चालतं. ब्रेकरचा दांडा वरच्या स्थितीत जमिनीपासून ६ फूट ७ इंचांच्या वर नको. समोर ३ फूट खोल, ३० इंच रुंद आणि साडेसहा फूट उंच जागा मोकळी. म्हणजे झुडूप नाही, एसीचं बाहेरचं युनिट नाही, कचऱ्याचे डबे नाहीत. गॅसचा मीटर त्याच भिंतीवर असेल तर गॅस कंपनीचं अंतर वेगळं विचारा. २०२३ च्या आवृत्तीप्रमाणे डिस्कनेक्ट घरावर किंवा घरापासून दिसेल असा हवा, आणि कोडमध्ये 'दिसेल' म्हणजे ५० फुटांच्या आत. लेबल लाल पाटीवर पांढरी अक्षरं, निदान अर्धा इंच उंचीची. कुणीही येऊन खोडसाळपणे बंद करेल ही भीती अनेकांना वाटते. त्याला साधं कुलूप पुरतं, अग्निशमन दलाकडे कटर असतो.

आतल्या पॅनेलबद्दल. कपड्यांच्या कपाटात ब्रेकर बसवायला कोड मनाई करतो, कारण आजूबाजूला पेट घेणारं सामान. बाथरूममध्ये मनाई, जिन्याच्या पायऱ्यांवर मनाई. समोरची तीच ३ फुटांची मोकळी जागा आतही लागते, आणि ती सामान ठेवायची जागा म्हणून वापरता येत नाही. लपवायचंच असेल तर वॉटर हीटर आणि फर्नेसच्या (घर गरम करणाऱ्या भट्टीच्या) खोलीत न्या, तिथे जागा शिल्लक असेल तर.

बाकी किरकोळ. २०२० पासून घराच्या सर्व्हिसला सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून वाचवणारं उपकरण) सक्तीचा आहे, बदलताना सुद्धा. कोटेशनमध्ये तो आहे का बघा. बाहेरच्या ब्रेकरचं शॉर्ट सर्किट रेटिंग वीज कंपनी सांगेल त्या फॉल्ट करंटपेक्षा, म्हणजे शॉर्ट सर्किट झाल्यावर वाहू शकणाऱ्या करंटपेक्षा, कमी नको; साधे घरगुती ब्रेकर १०,००० अँपिअरचे असतात, मीटरजवळच्या उपकरणांत २२,००० चे सहज मिळतात. पुढे सोलर किंवा बॅटरी घेणार असाल तर आत्ताच सांगा. त्यांचेही तातडीने बंद करायचे स्विच बाहेर लागतात आणि सगळे एका भिंतीवर असले की बरं पडतं.

कुणालाही आगाऊ पैसे देण्याआधी दोन फोन करा. बिल्डिंग डिपार्टमेंटला तीन गोष्टी विचारा: कोडची कोणती आवृत्ती चालू आहे, २३०.८५ जसंच्या तसं घेतलंय की बदललंय, आणि आतल्या मेनसाठी फुटांचा स्थानिक आकडा आहे का. वीज कंपनीला विचारा की मीटरचा सॉकेट त्यांच्या मान्य यादीतलाच लागतो का आणि मीटरची जागा तीच ठेवता येईल का. त्यांचे नियम एनईसीपेक्षा वेगळे असतात आणि मीटरच्या बाबतीत त्यांचंच चालतं. उत्तरं ईमेलवर घेता आली तर उत्तम. तिसऱ्या कॉन्ट्रॅक्टरला तो ६ फुटांचा नियम कुठे लिहिलाय हेही विचारून टाका, कदाचित तुमच्याच गावचा निघेल.

आणि सर्व्हिसचं काम पूर्ण होईपर्यंत तळघराचं छत बंद करू नका. ती जुनी केबल कुठून कशी जाते त्याचे फोटो काढा, जॉइस्टवर खडूने खुणा करा आणि त्या पट्ट्यात एकही खिळा ठोकू देऊ नका.